काळीज

तिसा नदीच्या काठी, बाच्कात,
त्या वर्षी जूनपासून आभाळ कोरडं.
कणसं भरली, पण टोकाशी चिरली,
आणि चिरेत बसली बुरशी,
शेवाळी, मऊ,
फुंकर घातली तर उडून जाईल अशी.

स्रेतेननं फुंकर घातली.
मग दाणे धुतले. उन्हात पसरले.
थोडे तव्यावर भाजलेसुद्धा,
कारण पिल्लं आठच आठवड्यांची,
नुकती आईपासून तोडलेली.

(कोठाराच्या फाटकावरून ट्रॅक्टर परत आला होता.
अब्जात वीसच्या पुढे, म्हणाली काचेमागची बाई.
अब्ज म्हणजे किती, ते त्यानं वाटेत मोजायला घेतलं
आणि पुलाशी सोडून दिलं.)

डुकरीण तेच खाऊन उभी.
पिल्लांनी खाल्लं, आणि मग खाईनात.
केस राठ. कान थंड.
यागोदा, त्याची सून, एकाची पापणी वर करून म्हणाली,
"याच्या डोळ्यात मेण उतरलंय."

डॉक्टर पिरोश्का आली सेंटाहून, रबरी बुटांत;
बोलते सर्बियन, आकडे मात्र हंगेरियनमध्ये मोजते.
जुन्या दाराच्या फळीवर, अंगणातच,
तिनं एक उघडलं.

यकृत विटकरी असायला हवं.
हे जुन्या पेंढ्यासारखं फिकट,
वर रक्ताचे बारीक ठिपके.
तिनं स्रेतेनचं बोट धरून त्यावर टेकवलं.
रुतलं नाही.
सुरी सरकताना कुरकुरली.

आपण काळीज म्हणतो आणि हात छातीकडे नेतो.
खाटकाला विचारा, तो खाली दाखवेल,
बरगड्यांच्या आडोशाला, उजवीकडे,
पोटात आलेलं जिथे आधी पोचतं
आणि जे कोवळं असतं
ते काही न विचारता घरात घेतं.

"पण मी धुतला होता मका."
"बुरशी धुतलीत," ती म्हणाली,
"ती तर कधीच गेली होती.
ती मागे ठेवून गेली ते
पाण्यानं जात नाही. तव्यावर तर नाहीच."
आणि हातमोजे उलटे करून काढले.

रविवारी ढीग पेटवला.
काही दाणे फुटले, पांढरे, लाह्यांसारखे,
सगळ्या गल्लीत जत्रेचा वास.
वुकाशिनची पोरं कुंपणाला चिकटली.
यागोदानं हाकललं त्यांना,
गरजेपेक्षा जरा मोठ्यानं.

तिकडे गोठ्यात डुकरीण उठली,
फळ्यांच्या फटीतून नाक बाहेर काढलं
आणि हुंगत राहिली,
चांगलं काहीतरी शिजतंय
अशा भरवशानं.