दोंडाईच्याला मिरची टांगू नये

चौतीस वर्षं शेवटच्या डब्यात बसून
मी तापी लाईन पाठमोरी पाहिली.
स्टेशन मागे पडायचं, लहान व्हायचं, मग नुसतं नाव उरायचं.
म्हणून असेल, मला गेलेलं नीट दिसतं,
हातातलं चुकतं.

रिटायर झालो, भुसावळातच राहिलो,
आणि चष्मा हरवायला लागला.
मग दाराच्या डाव्या हाताला एक खिळा ठोकला.
चष्मा, किल्ली, पिशवी, सगळ्यांना एकच फलाट.
भलतीकडे काही ठेवलंच
तर स्वतःलाच मेमो देतो.

कुलूप लावताना मोठ्यानं म्हणतो,
"गॅस बंद. नळ बंद. मागचं दार बंद."
शेजारचे भंगाळे हसतात.
हसोत.
इंजिनात दोघं असतात, दोघांनाही सिग्नल दिसतो,
तरी एक म्हणतो "हिरवा", दुसरा म्हणतो "हिरवा",
तेव्हा कुठे तो हिरवा होतो.
न बोललेलं काम हात परस्पर उरकतो,
डोक्याला कळवत नाही.

किराण्याची यादी मात्र लिहीत नाही.
कागद खिशातच धुतला जातो.
ती मी लाईनवर टांगतो.
जळगावला मीठ, पण पुडीतलं नाही,
फलाटभर सांडलेलं, हमाल गुडघाभर मिठात.
पाळधीला तेलाचा डबा रुळांवरून घरंगळत येतोय
आणि मी त्याला लाल झेंडी दाखवतोय.
धरणगावला तिकीट खिडकीतून तूरडाळ,
सुट्ट्या पैशांसारखी.
अमळनेरचा स्टेशनमास्तर साबणाच्या फेसात,
टोपी तेवढी कोरडी.
बेटावदला म्हैस चहापत्ती रवंथ करतेय,
डोळे मिटून.
जितकं वेडगळ, तितकं पक्कं.
सरळ गोष्ट मालगाडीसारखी समोरून जाते,
डबे कोण मोजतं?
घरून निघताना एकदा, पानटपरीपाशी एकदा,
वाण्याच्या पायरीवर एकदा,
सगळी लाईन मनात फिरून येतो.

परवा नऊ वस्तू आणल्या.
कुमुदनं पिशवी चाचपली.
"मिरची कुठी हाये? दोंडायच्याले झोपले व्हते का?"

झोपलो नव्हतो.
दोंडाईच्याला मी मिरचीच टांगली होती,
आणि तिथे तर ती आधीच वाळत पडलेली, ढिगांनी,
ठसका थेट ब्रेकव्हॅनपर्यंत.
माझी पावशेर त्यात मिसळून गेली.
जे जिथलं, ते तिथेच ठेवलं की दिसत नाही.
हे वहीत लिहून ठेवलंय. दोनदा.

रात्री भांडी घासता घासता ती म्हणाली,
"मले बी शिकवा ना तुमची लाईन.
झोपेबाईचं नाव दोनदा गेलं ह्या हप्त्यात.
तोंड समोर व्हतं, नाव नाई."
मी म्हटलं, झोपेबाईंच्या डोक्याखाली उशी दे,
नाव उठून बसेल.
ती हसली नाही.

मग म्हटलं, माझी लाईन तुला परकी,
तुझी घे. न्हावीची. घरापासून शाळेपर्यंतची.
तिनं नळ बंद केला, डोळे मिटले.
ओट्यावर गूळ ठेवला.
पारावर पोहे.
केळीच्या बागेच्या कुंपणाला साबुदाण्याची पिशवी,
हळूच, जणू कुणी जागं होईल.
मग विहीर आली. तिथे हळद ठेवायची होती.

थांबली.
एक मिनिट. दोन.
ओठ हलले, पण ते वाणसामान नव्हतं.
चाळीस वर्षांत मला न सांगितलेलं काहीतरी
त्या विहिरीपाशी अजून उभं होतं,
हळदीला जागा नव्हती.

माझ्या हातात भांडी पुसायचं फडकं होतं,
हिरवं.
मी ते हलवलं नाही.