शंभरातले तीन

उपकेंद्राच्या पडद्याआड ध्रुपता मडावी
आधी गुडघे सांगते, मग डोकं,
मग पडद्याच्या भोकाकडे बघत:
"आन् थे... खाली आगआग होते जी."

पाचवा महिना. रोवण्याचे दिवस.
सकाळपासून पोटरीभर पाण्यात, ओल्या लुगड्यात.
घरी दोरी एकच, ओसरीसमोरची, सगळ्यांच्या नजरेतली.
म्हणून आतले कपडे गोठ्यात, तणसामागे,
कधीच पुरते न वाळणारे.

सहा गोळ्या कागदात बांधते.
"गिळायच्या नाहीत," दोनदा सांगते.
मागच्या साली एकीने चहाबरोबर घेतल्या होत्या.
"झोपताना, हात धुऊन, बोटानं आत ठेव.
सोबतची दांडी नको वापरू या दिवसांत.
आणि कपडे उन्हात वाळव."
ती ऐकून घेते. दोरी तीच आहे.

पुडी मात्र उचलत नाही.
"लेकरावरी जाते का जी हे?"

प्रशिक्षणाच्या वहीत आहे माझ्या:
शंभरातले तीन, फार तर दहा भाग रक्तात उतरतात,
यकृत त्यांना मोडून टाकतं,
बाकीचं तिथल्या तिथे काम करतं.
वहीतलं मराठी पडद्याच्या अलीकडेच राहतं.

"बांधी कोणती तुमची? सिहार का कन्हार?"
"कन्हार." आता आवाज मोकळा.
"पाणी मुरते?"
"मुरते थोडंसं. बाकी उभंच राहते."
"तसंच हे."

ती हिशेब करते, ओठ हलवत.
दोनशेच्या मजुरीत सहा रुपये.
"येवढे त मुकडदम बी कापून घेते!"
आणि हसते, तोंडावर पदर न घेता.
पुडी कमरेला खोचते.

रजिस्टरातला रकाना अर्ध्या बोटाचा:
पांढरा स्राव, खाज. गोळ्या ६.
गोठा त्यात मावत नाही.
किती पावसाळे ती हे गुडघ्यांच्या नावानं सांगत आली,
तेही नाही.

चौथ्या सकाळी बोडीच्या पाळीवरून माझी स्कूटी.
वाकलेल्या बायांच्या रांगेतून एक हात वर येतो,
कोपरापर्यंत चिखल, तीन बोटं ताठ.
बाजूचीला वाटतं, पऱ्हे संपले हिचे.
ती खरंच तीन पेंढ्या फेकते तिच्याकडे.

मी तीनदा हॉर्न वाजवते.
पाळीवर म्हैससुद्धा नाही.