दहा तेत्रींची लिफ्ट

लामारा इटलीत, बारीला,
एका परक्या म्हातारीला न्हाऊमाखू घालते.
गुरुवारची दुपार तिची स्वतःची, आणि रविवार.
सहा वर्षांत तिने ते गाव पायाखाली घातलं:
बंदरावर दगडावर आपटून मऊ केलेले ऑक्टोपस,
गल्लीत खुर्च्या टाकून
अंगठ्याने पिठाचे इवले इवले कान वळणाऱ्या बायका.
सगळ्याचे फोटो येतात मला.

मे महिन्यात फोनवर म्हणाली, आता तू सांग,
आपल्या तिबिलिसीत काय आहे बघण्यासारखं?

काय असणार, म्हणालो.
किल्ला आहे. नदी आहे. उकाडा आहे.
फोन ठेवला आणि लाज वाटली, उशिरापर्यंत.
एकतीस वर्षं हाकलं मी लोकांना या शहरात,
आधी ट्राम, मग बस.
शहर दोन्ही बाजूंच्या काचांतून मागे जात राहिलं,
समोर कधी बसलंच नाही.

म्हणून हा उन्हाळा पायी.

जूनमध्ये तुतीच्या झाडांखालून.
बुटांचे तळवे जांभळे झाले,
घरभर माझेच ठसे, चोर आल्यासारखे.

नुत्सुबिद्झेच्या चढावर तीन उंच इमारती
हवेतल्या पुलाने एकमेकींचा हात धरून उभ्या आहेत.
वर जायला लिफ्ट. लिफ्टमध्ये एक डबा,
दहा तेत्री गिळल्याशिवाय जागची हलत नाही.
माझ्याकडे सगळी पाचाची नाणी.
मालखाझ नावाच्या पोराने माझे पैसे भरले
आणि विचारलं, आजोबा, पाहुणे का तुम्ही?
हो म्हणालो.
खोटं बोलून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

पुलावर कुणाच्या तरी चादरी वाळत होत्या.
त्यांच्या फटीतून दिसलं
माझं सगळं आयुष्य, बारा नंबरचा मार्ग,
करदोट्याएवढा.

जुलैत सोलोलाकी.
तिथली दारं ढकलून बघावी लागतात,
कुलूप असतंच असं नाही.
एका दारामागे अंधार, मांजराचा वास,
आणि मान वर केली तर छतभर रंगवलेलं तळं.
सहा हंस. एकाची मान ओलीने खाल्लेली.
फोटो काढत होतो तर वरून आवाज आला,
नळवाला का रे तू?
सिरवार्द, ऐंशीच्या पुढची, हातात चाळणी.
नाही म्हणालो, बायकोला पाठवायचाय.
फोनवर लामाराचा चेहरा उघडाच होता.
म्हातारीने चाळणी खाली ठेवली.

ही? ही तर आमची तिसऱ्या पायरीवाली.
त्र्याण्णवच्या हिवाळ्यात, दिवे नव्हते तेव्हा,
पावाच्या रांगेतून सुटली की इथे यायची.
मेणबत्ती उंच धरायची.
बोटभर जळाली की विझवून,
कोटाखाली पाव घेऊन घरी.
आम्ही म्हणायचो, वर ये, चहा घे.
म्हणायची, नको, नवरा झोपलाय, उठेल.

झोपलो नव्हतो मी.
वीज गेली, ट्राम जिथल्या तिथे उभ्या राहिल्या,
आणि मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो
नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत.
ती गार हातांनी यायची, पाव कापायची.
उशीर का झाला, एवढंच विचारायचो.
रांग मोठी होती, म्हणायची.

गुरुवारी फोटो पाठवला. खाली काही लिहिलं नाही.
बराच वेळ फोनमध्ये नुसता बारीचा वारा.
मग म्हणाली, मान अजून तशीच आहे का रे त्याची?
तशीच, म्हणालो. एक पंखही गेलाय आता.
आणि तू काय केलंस तिथे?
बसलो, म्हणालो.
कुठे?
सांगितलं.

तिकडून म्हातारीची हाक आली. तिला जावं लागलं.

ऑगस्ट अजून अख्खा बाकी आहे.
वाण्याकडून दहाची नाणी मोडून घेतो,
खिसा वाजतो चालताना.
मालखाझला विचारून ठेवलंय:
एका नाण्यात दोघं जातात.