गुंतवळ

चढ संपला, असं डेलिथ तीनदा म्हणाली,
तीनदा तो संपला नाही.
ग्लिनकोरुगच्या वर, तोडलेल्या लार्चच्या बुंध्यांमधून
वाट अशी वळसे घेत जाते
की खालचं तळं एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे
आणि मी मात्र दरवेळी त्याच दगडापाशी.

सगळ्यात हलका गिअर. त्यापुढे काही नाही.
अंगठा तरी बटण दाबत राहतो,
रिकाम्या डब्यात लाडू चाचपावा तसा.

डेलिथ एकसष्टची. तिचे वडील
याच डोंगराच्या पोटात कोळशाला उतरायचे.
"बाबांना पगार मिळायचा," ती धापा टाकत म्हणते,
"मला गुडघेदुखी."

मी आठवड्याचे चार दिवस डायलिसिसच्या खोलीत असते.
कुणाच्या अंगात किती पाणी साठलं, किती काढायचं,
हा हिशोब माझ्याकडे.
म्हणून वाटा दुरुस्त करणाऱ्यांच्या टोळीत
ह्यूने फावडं हातात दिलं तेव्हा फार समजवावं लागलं नाही.
"वाटेवरचा पहिला स्वार पाऊस.
त्याला आधी उतरायला जागा द्या, चाकांचं मग बघू."
मी चर खणला. बुटात चिखल, पाठीत उसण.
सोमवारी पंपाची घरघर ऐकताना
तो चर आठवत राहिला.

इथे वाटेच्या तुकड्यातुकड्याला नाव आहे.
एक 'न्हाव्याची खुर्ची'. तिथे मागे रेलावं लागतं.
एक 'मॉर्गनची माफी'. कुठल्या मॉर्गनने, कुणाची,
कुणालाच ठाऊक नाही.
पण जिथे स्प्रूसची मुळं वाटेवर
आडवीतिडवी, ओली, काळी पसरलीत
तो तुकडा बिननावाचा होता.
मी तिथे आपटले त्या दिवशी तोंडून निघालं: गुंतवळ!

म्हणजे काय?
विंचरल्यावर फणीत राहतात ते केस.
बोटावर गुंडाळून टाकायचे. वाऱ्यावर सोडायचे नाहीत.
डेलिथ माझ्या कोपरातले खडे वेचत होती.
"गुंतवल."
नाही, जीभ मागे वळव, टाळ्याला लाव, सोड.
"गुंतवर. गुंतवड."
मग तिने तिच्या भाषेतलं एक अक्षर काढलं:
जीभ दातांमागे, कडेनं वारा,
मांजर फिसकारल्यासारखं.
सहा वर्षं झाली, मला ते जमलेलं नाही.
त्या अक्षराची गावं मी बसच्या ड्रायव्हरला
नकाशावर बोट ठेवून सांगते.

चिखलात बसून दोन बायका
एकमेकींच्या तोंडात डोकावत होत्या.
मागून आलेल्या पोरानं करकचून ब्रेक दाबला,
"सगळं ठीक ना?"

आज पुन्हा तिथेच.
टाचा खाली, कोपरं बाहेर,
नजर मुळांवर नाही, पलीकडच्या नेच्यांवर.
पहिलं मूळ गेलं. दुसरं.
तिसऱ्यावर मागचं चाक सटकलं
आणि कंबरेनं, मला न विचारता, सावरून घेतलं.
पाचव्यापाशी पाय टेकला.
पुढे अजून चार.
मागच्या खेपेला दुसऱ्यावरच लोळण घेतली होती.
सायकल खांद्यावर घेऊन उरलेली मुळं ओलांडली,
त्यात लाज कसली.

खाली कॅफेच्या भिंतीवर वाटांचा मोठा नकाशा आहे.
त्या तुकड्यापाशी कुणीतरी मार्करनं
रोमन अक्षरांत नाव लिहिलंय.
शेवटी दोन एल.
डेलिथ चहा सांडेपर्यंत हसली.
म्हणजे आता अख्खं खोरं ते फिसकारून वाचणार.
"तू लिहिलंस?"
"ह्यूनं. मी फक्त स्पेलिंग सांगितलं."
वाचू देत.

सायकल धुवायच्या रांगेत माझा नंबर आला.
चेनमधून नेच्याचं पान निघालं, थोडी वाळू,
आणि एक लांब केस, मुळाशी पांढरा. माझाच.
हातातला पाईप खाली ठेवला
आणि तो बोटावर गुंडाळला.