एक वाजताची आहुपे गाडी

ढमढेरे नावाचा मुलगा चाकणहून आला,
गिअरबॉक्सच्या कारखान्यातला.
हातात स्टॉपवॉच, बगलेत पिवळ्या पट्टीची गुंडाळी,
पायात पांढरे बूट. ओपीडीत दुपारपर्यंत
ते पांढरे राहिले नाहीत.

म्हणाला, सिस्टर, आज मी फक्त तुमच्या मागे चालणार.
चाल बाबा. सव्वीस वर्षांच्या नोकरीत
माझ्या मागे कुणी चाललं नाही,
सप्तपदीतही मीच मागे होते.

संध्याकाळी त्यानं नकाशा उलगडला.
आमचं तीस खाटांचं रुग्णालय, आणि त्यावर पेन्सिलीनं मी,
पाटावर शेवया सांडाव्यात तशी.
अकरा हजार चारशे पावलं.
त्यातली तीन हजार एका किल्लीपायी.
औषधाच्या कपाटाची किल्ली केदारींच्या खिशात,
आणि केदारी कुठे ते केदारींनाच ठाऊक.
सगळे हसले. मीही.
रात्री पाय गरम पाण्यात सोडले तेव्हा
हसू आलं नाही.

मग त्यानं लाल चिठ्ठ्या लावल्या, नको त्या वस्तूंना:
तीन चाकांचं स्ट्रेचर,
सगळ्यांना चौपन्न किलो सांगणारा काटा,
आणि एक टाइपरायटर. त्यात कागद अजून तसाच,
‘महोदय, सविनय विनंती की’
आणि पुढे कोरं.

वाट बघणं हाही कचराच, तो म्हणाला.
म्हटलं, ये, दाखवते.
ही बाकावरची चिंधाबाई लोहकरे.
पहाटेच्या गाडीनं डोंगरावरून उतरते.
केसपेपरला पाऊण तास, डॉक्टरकडे तीन मिनिटं,
रक्त द्यायला अंगण ओलांडून मागच्या खोलीत.
रिपोर्ट दोनला. डॉक्टर तोवर शवविच्छेदनाला.
आणि तिची गाडी एकला गेलेली.
दुसरी एकदम मुक्कामी.
सांग, हिला कुठली चिठ्ठी लावशील?

तो बोलला नाही. स्टँडवर गेला,
वेळापत्रक वहीत उतरवून आला.
दुसऱ्या दिवशी फळ्यावर उद्दिष्टांच्या जागी खडूनं:
आहुपे, एक वाजता.
कारखान्यात गिऱ्हाईक ताल ठरवतं, म्हणाला,
इथे एसटी ठरवेल.

रक्ताचं टेबल दाराशी आलं.
डोंगरावरच्यांना हिरवं कार्ड, त्यांचं रक्त आधी.
गोळ्यांचे दोन डबे उरले की चिठ्ठी ट्रेमध्ये,
संपल्यावर बोंब नाही.
किल्ली खिळ्याला. केदारी तीन आठवडे
रिकामा खिसा चाचपत हिंडले.
दिवाळीत किल्ली पुन्हा खिशात गेली,
मी भांडले, ती परत आली.
पिवळ्या पट्ट्या फिनाइलनं उचकटल्या,
त्या काही आम्ही पुन्हा लावल्या नाहीत.
डॉक्टरांची बदली व्हायची ती झालीच,
महिनाभर खुर्ची रिकामी.
त्यावर ढमढेरेकडेही इलाज नव्हता.

मग एका मंगळवारी
बारा वीसला चिंधाबाईच्या हातात रिपोर्ट.
गोळ्याही. ती उठेना.
झालं?
झालं की.
सगळं?
सगळं. निघा, गाडी मिळेल.
तिनं पदराखालची भाकरीची गाठ घट्ट धरली,
अजून सोडलीही नव्हती.
मग हळूच, इकडेतिकडे बघत,
‘बाई, खरं सांगा.
एवढ्या बिगी सोडताय,
म्हंजी माझं काय खरं न्हाई का?’

मी बाकावर बसले. तिच्या शेजारी.
सव्वीस वर्षांत त्या बाकावर
मी बसले नव्हते. लाकूड गार होतं.
साखर किती, पाय का बधिरतात,
कुठली गोळी जेवणाआधी, कुठली नंतर,
तिच्या बोटांवर मोजून सांगितलं. दोनदा.
तिनंही मोजून दाखवलं, एकदा चुकली.
घाई कुणालाच नव्हती.

दारात ढमढेरे. घड्याळ हातात, बटण न दाबलेलं.
किती वेळ लागला, त्यानं विचारलं नाही.
विचारलं असतं तर म्हणाले असते,
लिही, त्या किल्लीतून काढला.

बाहेर हॉर्न वाजला.
आमचा गेनू रस्त्यात आडवा उभा राहून
कंडक्टरला हात करत होता.
एक वाजून दोन मिनिटं झाली होती.