तारेचा हत्ती

औषधांच्या दुकानाचं शटर
सहा आठवडे खाली होतं, तेव्हा येडशीत तीन अफवा होत्या:
मला स्थळ आलंय, मला गाठ आलीय,
नाहीतर लायसन गेलंय.
खरं कळल्यावर गोदाक्का म्हणाली,
"आगं, पैसे भरून फुकट राबायला गेलतीस?
माझी ज्वारी काढायला ये की,
भाकर तरी घालीन."

मी गोळ्यांच्या रिकाम्या खोक्यावर
तिला झांबिया काढून दाखवला.
ही नदी, अलीकडं आमचे तंबू, पलीकडं अभयारण्य.
"आन् माणसं?"
माणसं काढायची राहून गेली होती.

माणसांत मावुतो होता.
त्यांच्या बोलीत मावुतो म्हणजे अडचणी.
आधीची दोन भावंडं गेली, म्हणून आईनं ठेवलेलं नाव.
मी म्हटलं, आमच्याकडं केरबा असतो,
दगडू असतो, उकंड्या असतो,
यमाला वाटावं, हे काय न्यायचं!
तो इतका हसला
की हातातली पक्कड खाली पडली.

पक्कड हेच आमचं काम.
पहाटे एका रांगेत, नजर गुडघ्याखाली ठेवून चालायचं,
झुडपांतले तारेचे फास शोधायचे.
सायकलच्या ब्रेकची तार, कुंपणाची, जुन्या टायरातली.
जर्मनीची एक शिक्षिका, एक रिटायर पोस्टमन, आणि मी.
पहिल्या दिवशी मला एकही दिसला नाही.
दुसऱ्या दिवशी मीच एकात अडकले.
मावुतोनं माझा घोटा मांडीवर घेतला,
ओढू नकोस म्हणाला,
आधी फास ढिला करायचा, गाठ मागून.
त्याला कसं माहीत, मी विचारलं नाही.
त्यानंच सांगितलं,
यातले जुने माझेच आहेत.

त्या तारांचे हत्ती वळून बाया पाहुण्यांना विकायच्या.
मी एक घेतला.
जिवंत हत्ती सहा आठवड्यांत दोनदाच दिसला,
दोन्ही वेळा पाठमोरा.

आता तो खोकल्याच्या औषधापाशी उभा असतो.
शाळकरी पोरं सोंड वाकवतात, मी सरळ करते.
केरबाकाका बीपीची गोळी घ्यायला आला,
त्यानं हत्ती उलटा करून
पोटाखालची गाठ बराच वेळ पाहिली,
आणि सुटे पैसे मोजून गेला.

दिवाळीनंतर त्याच्या रानात गेले.
वर रामलिंगाच्या घाटातला धावडा, खाली तूर,
मधे दगडी बांध, बांधाला एक फट.
फटीपाशी पाय आपोआप थांबले,
नजर गुडघ्याखाली गेली.
मोटारसायकलच्या क्लचची तार,
जमिनीपासून वीतभर वर,
बोरीच्या बुंध्याला गाठ.
तीच.

"डुकरं," काका म्हणाला.
"एका रातीत सगळा हरभरा उकरला.
फॉरेस्टचा माणूस आला, पंचनामा केला,
चहा पिला, गेला."

मी नऊ वर्षांची असेन. हाच बांध.
तारेचं एक टोक माझ्या मुठीत, दुसरं काकाच्या दातांत.
ताणून धर, सोडू नको.
मी सोडलं नव्हतं.
सकाळी फासात डुक्कर नव्हतं, लांडोर होती.
आम्ही पिसंसुद्धा पुरली.

मावुतोनं त्याचं सांगितलं होतं.
मी माझं नाही.

खाली बसले. पक्कड आणली नव्हती.
काका वरून बघत राहिला.
"तिकडं पैसे भरून काढल्यास.
हितं कुणाला भरणार?"
मी तार ओढली. बोट कापलं.
तेव्हा तो गुडघ्यावर हात टेकत शेजारी बसला,
"आशी नव्हं, बाई.
आधी फास ढिला कर. गाठ मागनं."

तार सुटली.
त्यानं ती माझ्याकडं दिली नाही,
चार बोटांवर गुंडाळली
आणि बंडीच्या खिशात घातली.