बारावा रकाना

झोंबामध्ये गेलेली वीज परत येते ती नवाच्या सुमारास.
तोवर लॅपटॉपच्या उरल्या अकरा टक्क्यांवर
मी दहा वर्षं मोजत बसते.

दोनशे सहा निबंध.
इबादानचे, कंपालाचे, लुसाकाचे.
निम्मे लेखक ओळखीचे,
परिषदांमध्ये एकाच रांगेत ताट घेऊन उभे राहिलेले.
आजार कोणता? माध्यम कोणतं? सिद्धांत कुणाचा?
रकाने भरत जातात.

सुरुवातीला सगळी भित्तिपत्रकं.
मग रेडिओ, रेडिओवरची नाटुकली,
मग मोबाइलवर संदेश: गोळी घेतली का?
आता अफवा.
गेली तीन वर्षं जो तो अफवाच मोजतोय,
सुगीत मक्याची पोती मोजावीत तशा.

सिद्धांत मात्र बाहेरगावी शिवलेले.
खांद्यात सैल, काखेत घट्ट.
आम्ही बाह्या दुमडतो आणि निघतो;
न घालता गेलं तर परीक्षक दारातच विचारतात,
कोट कुठंय?

ओळ एकशे त्रेचाळीस माझी.
कॉलरा. चिल्वा सरोवराचा काठ. नमुना तीनशे बारा.

पाच खडे घेऊन गेले होते मी.
'पूर्ण सहमत'पासून 'अजिबात नाही'पर्यंत
वाळूत ओळीनं मांडायचे, बोट ठेवा म्हणायचं.
एनेलेसी म्हणून एक होती, सुकी मासळी विकायची.
तिनं पाचही खडे उचलले,
ओंजळीत खुळखुळवले.
"तू विचारलंस, मी सांगितलं," म्हणाली.
"आता माझं एक.
तुमच्या चित्रातली बाई नळाखाली हात धुते.
तो नळ कुठल्या गावात आहे?"

मी हसले. तीही हसली.
तिच्या मागे सरोवर होतं, आणि एक बादली.

प्रश्न टिपला होता मी.
तळटीप होऊन तो दोन मसुदे तगला,
तिसऱ्यात शब्दमर्यादा आडवी आली.
छापून आलं ते एवढंच:
सहमत, बासष्ट टक्के.
त्यात ती कुठेतरी असेल.

आज बारावा रकाना काढलाय:
समोरच्या माणसानं काही विचारलं का?
दुपारपासून शून्य, शून्य, शून्य,
क्वचित एखादा एक.
किसुमूच्या अवुओर नावाच्या पोरीनं तर
लोकांच्या प्रश्नांचं अख्खं परिशिष्ट जोडलंय.
तिचं नाव वेगळ्या कागदावर लिहून ठेवलं,
कशासाठी ते अजून ठरलं नाही.

एकशे त्रेचाळीस.
बोट अडतं.
विचारलं होतं, मला माहीत आहे.
पण मी तपासतेय तो कागद,
आणि कागदावर ते नाही.
नियम माझाच आहे.

शून्य टाकते.

वीज येते.
खालच्या घरातला रेडिओ मधल्याच शब्दापासून सुरू होतो,
आनंदी आवाजात सांगतो, हात धुवा.
मी उठते, धुते.
माझ्या नळाला पाणी आहे.